पांढऱ्या फरशीचा हट्ट

"ती जिक्रा नक्की करते तरी काय?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. कारण खरं सांगितलं की समोरचा हसतो, आणि तो हसला की मला राग येतो. जिक्रा सकाळी बायकांना पाण्यात बुडू देत नाही आणि दुपारी लोकांच्या घरांचे प्लॅन काढते. जीवरक्षक आणि आर्किटेक्ट, दोन्ही एकच बाई. आता यात हसण्यासारखं काय आहे, मला सांगा! आमच्या नांदेडात एक सर सकाळी गणित शिकवतात, दुपारी विमा विकतात आणि लग्नसराईत मांडव घालतात. त्यांना कुणी हसत नाही, उलट "लई धडपड्या माणूस" म्हणतात. मुलीनं दोन कामं केली की लगेच दात दिसतात.

मी रेणुका. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाई, पोहायला जा. मी म्हटलं, अहो, मला तर गुडघाभर पाण्याचीही भीती वाटते. ते म्हणाले, मग तेवढ्याच पाण्यात चाला. असं करत मी जलतरण तलावाच्या लेडीज बॅचला पोचले. कॉटनचा पंजाबी ड्रेस, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना, अशी सगळी सभ्यता घेऊन पहिली पायरी उतरले आणि कानाशी शिट्टी वाजली. वर बघते तर उंच खुर्चीवर लाल टी-शर्ट, काळी ट्रॅक पँट आणि डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली एक पोरगी.

"बाई, ओढणी चालणार नाही. कॉटनही नाही. वर या."

"अगं, मी तुझ्या आईच्या वयाची आहे!"

"म्हणून तर वर या म्हणते. कॉटन पाणी पितं. ओढणी गळ्याला गुंडाळते. तुम्ही बुडायला लागलात तर मला आधी तुमच्या कपड्यांशी मारामारी करावी लागेल."

जन्मभर मुलींना वर्गात उभं करणारी मी, त्या दिवशी सगळ्या बायकांदेखत पायरीवरून माघारी फिरले. परत तिचं तोंड बघणार नाही, अशी तणतणत निघाले होते. पण फाटकाशी बसणारा मॅनेजर मडिवाळप्पा म्हणाला, "बाई, तिचे अब्बा लेडीज टेलर हायेत. त्यांच्याकडं जा, समदी सोय होती." मला वाटलं, बापाचा धंदा चालावा म्हणून पोरगी शिट्ट्या फुंकते की काय! तोच जाब विचारायला मी इतवाऱ्यातल्या त्या दुकानात गेले.

खाजामियाँ मशीनवरून उठले, खुर्ची पुसून दिली आणि माझं सगळं भांडण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, ती मेरेकू बी लई रागावती. पहिला सूट शिवला तो तिनं चार येळा वापस केला." त्यांनी कपाटातून एक गडद निळा सूट काढला. मनगटापर्यंत बाही, घोट्यापर्यंत पाय आणि वरून मांडीपर्यंत येणारा घेर. कापड पाणी न धरणारं, पण अंगाची रेघही न दाखवणारं. घेर पाण्यात वर तरंगू नये म्हणून आतून कुठे टाके घातले आहेत ते त्यांनी कौतुकानं दाखवलं. माझा राग तिथंच विरघळला. आता लेडीज बॅचमध्ये कासारणीपासून कलेक्टर ऑफिसातल्या बाईपर्यंत सगळ्या जणी खाजामियाँचा सूट घालतात, आणि रंग तो एकच, गडद निळा.

जिक्राचं ऑफिस त्याच दुकानाच्या माडीवर. खाली मशीनची घरघर, वर तिचा कॉम्प्युटर. संभाजीनगरला आर्किटेक्चर शिकत असताना ती पोहायला शिकली. मैत्रिणीला जीवरक्षकाच्या परीक्षेला सोबत हवी होती म्हणून हिनंही दिली. मैत्रीण नापास झाली, ही पास. नांदेडला परत आली तेव्हा बाई जीवरक्षक मिळत नाही म्हणून लेडीज बॅच बंद पडायच्या बेतात होती. ही म्हणाली, दुसरी मिळेपर्यंत मी बसते. दुसरी काही मिळाली नाही, आणि हिनंही नंतर विचारणं सोडून दिलं.

खुर्चीवर ती कुणाशी बोलत नाही. तिचे डोळे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात असतात आणि परत येत असतात. हीच सवय तिच्या प्लॅनमध्ये उतरली आहे. कुणाचंही घर काढायला घेतलं की तिचा पहिला प्रश्न, "पाण्याचा हौद कुठं आहे? स्वयंपाक करणाऱ्या बाईला ओट्यापाशी उभं राहून तो दिसतो का?" लोक वैतागतात. त्यांना समोर काचेची गॅलरी हवी असते आणि ही हौदामागे लागलेली. पण घरात रांगतं लेकरू आलं की तेच लोक पेढे घेऊन माडीवर येतात, हे मी स्वतः बघितलंय.

घरची आणि दारची, दोन्हीकडची माणसं एक काम सोड म्हणून तिच्या मागे लागलेली असायची. बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं, "इसमें असली नोकरी कौनसी?" तिची अम्मी साबेरा आतून म्हणाली, "दोन्ही असली. तुमचा मुलगा एक तरी करतो का?" स्थळ गेलं. साबेरानं त्याच दिवशी आम्हाला शीरखुर्मा खाऊ घातला, ईद नसताना. खाजामियाँ मात्र काळजी करायचे. "एक काम पकड बेटा, दो कश्त्यांमंदी पाय नको," असं म्हणायचे. ही म्हणायची, "अब्बा, माझी एकच कश्ती आहे. तुम्हाला दोन दिसतात."

आणि मग दानम्मा आल्या.

दानम्मा उदगीरच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या. घरची दालमिल, आणि लातूरला क्लासेसच्या भागात मुलींचं मोठं हॉस्टेल. डॉक्टर व्हायचं म्हणून खेड्यापाड्यातून आलेल्या पोरी तिथं दिवसभर पुस्तकात मान घालून बसतात. पाठी दुखतात, झोप उडते, रडारड होते. दानम्मांच्या मनात आलं की हॉस्टेलच्या आवारात पोरींसाठी पोहायचा तलाव बांधावा. मी ऐकलं आणि मोठ्यानं हसले. ज्या लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं पोहायचा तलाव! पण दानम्मांनी हॉस्टेलच्या छपरांचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवलं होतं आणि तेच पाणी गाळून फिरवायचं यंत्रही ठरवून ठेवलं होतं. बाई भलतीच पक्की होती. प्लॅनचं काम त्यांनी जिक्राला दिलं.

जिक्रासाठी ही केवढी गोष्ट होती ते सांगायला हवं. आतापर्यंत तिनं घरं केली, एक दवाखाना केला, कुणाच्या तरी मंगल कार्यालयाचा दर्शनी भाग केला. आख्खी नवी इमारत, तीही पाण्याची, असं काम पुन्हा कधी दारात आलं असतं? तिनं जीव ओतला. माडीवरचा दिवा बंदच होईना. दानम्मा सुनेला घेऊन प्लॅन बघायला आल्या तेव्हा मी मुद्दाम जाऊन बसले. त्यांना सगळं पसंत पडलं. उंच भिंती, वरून येणारा उजेड, सगळं. मग त्यांनी तळावर बोट ठेवलं.

"इथं काळी फरशी घाल."

"काळी का?"

"पाण्याचा तळ काळा असला की पाण्यातलं आंग दिसत न्हाई. पालक येऊन बघत्यात, यव्वा. एका बापाला आवडलं न्हाई तर धा पोरी हॉस्टेल सोडत्यात. आन् दुसरं, तू ते शिट्टीचं काम सोड. आमच्या बिल्डिंगची आर्किटेक खुर्चीवर बसून शिट्टी फुंकती, असं लोकांनी बोलावं काय?"

 जिक्रानं फक्त फरशीचं धरलं. म्हणाली, "काळी फरशी मी देणार नाही. जे दिसत नाही ते वाचवता येत नाही."

"मंग दुसरा आर्किटेक बघावा लागंल," दानम्मा म्हणाल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, म्हणून जास्तच लागलं.

खरं सांगू? मला दानम्मांचंच पटलं. लेडीज बॅचमध्ये विषय निघाला तर झाडून सगळ्या बायका त्यांच्या बाजूनं. "काळाच बरा की! आपल्याकडंबी असता तर किती मोकळं वाटलं असतं." पाण्यात शिरताना पोट आत ओढून, हातांनी छाती झाकून पळणाऱ्या आम्ही. आम्हाला काळ्या तळाचं सुख लगेच कळलं. जिक्रा खुर्चीवरून ऐकत होती. बॅच संपल्यावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"बाई, लपवायची गरज मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? माझ्या अब्बांचं दुकान त्याच्यावर चालतं. पण बुडणारं माणूस ओरडत नाही हो. हात वर करून 'वाचवा, वाचवा' ते फक्त पिक्चरमध्ये. खरं माणूस गुपचूप खाली जातं. गडद निळा सूट आणि काळा तळ. वर बसलेली बाई काय बघणार?"

"मग काम जाईल."

"जाईल," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. त्या पोरीला मी पहिल्यांदा रडताना बघितलं.  वाटलं, हिच्या हट्टाला एक फटका द्यावा आणि जवळही घ्यावं.

तिनं दानम्मांना फोन केला. म्हणाली, दुसरा आर्किटेक्ट खुशाल बघा, त्याच्या आधी एक सकाळ मला द्या. नांदेडला या आणि माझ्या खुर्चीवर बसा. पटलं नाही तर माझे प्लॅनसुद्धा घेऊन जा.

त्या आल्या. मडिवाळप्पाची मनधरणी करून जिक्रानं खोल बाजूच्या तळावर काळी ताडपत्री अंथरली होती, कडेनं विटा ठेवून. मडिवाळप्पा कुरकुरत होता, "तळ्यात ताडपत्री! काय करून राहिली ही पोरगी, पाऊस पडणार हाय का आतून?" दानम्मा पदर खोचून मोठ्या ऐटीत खुर्चीवर चढल्या. जिक्रानं शिट्टी त्यांच्या हातात दिली आणि स्पष्ट सांगितलं, "पाण्यात उतरणाऱ्यांपैकी कुणीतरी एक जण खाली जाणार आहे. दिसली की शिट्टी वाजवा. मी काठावरच आहे."

आम्ही पाण्यात उतरलो. खोल पाण्यात पोहणाऱ्या दोघी-तिघी होत्या. दानम्मांची नजर त्यांच्यावर खिळलेली. मी नेहमीसारखी उथळ पाण्यात चालत होते. दानम्मांची सून तनुजा माझ्याजवळच कठड्याचा पाइप धरून उभी होती, खाजामियाँनी आदल्या दिवशी घाईनं शिवलेल्या सुटात. तिला पोहता येत नाही हे सासूबाईंनी आल्या आल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. "आमची सून पाण्याला भिती. तिला काठाला ठेवा."

बराच वेळ काहीच झालं नाही. दानम्मांनी एकदा पदर सावरला. एकदा मडिवाळप्पा फाटकाशीच आहे ना ते बघितलं. खोल पाण्यातली एक जण डुबकी मारून वर आली तशी त्यांनी जोरात शिट्टी फुंकली. "ती न्हाई," जिक्रा काठावरून म्हणाली. बायका हसल्या. मीही हसले आणि शेजारी बघितलं. तनुजा नव्हती.

पाइपाशी कुणी नव्हतं. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं.  "अगं, तनुजा कुठाय?" मी ओरडले.

दानम्मा खुर्चीवर उभ्याच राहिल्या. "तनुजा! ए तनुजा!" त्या सगळं पाणी धुंडाळत होत्या. समोर नुसतं काळं पाणी. त्यांना शिट्टी आठवेना, खाली कसं उतरायचं ते कळेना. "अय्यो, माझी सून! जिक्रा, माझी सून कुठाय?"

"तुमच्या समोर आहे," जिक्रा म्हणाली आणि तिनं काठावर दोनदा थाप मारली. काळ्या ताडपत्रीवरून तनुजा वर आली. तोंड पुसलं आणि सासूकडे बघून चक्क हसली.

ती माहेरच्या विहिरीत लहानपणापासून पोहणारी. लग्नानंतर कुणी विचारलंच नाही, म्हणून तिनं सांगितलंही नाही. जिक्रानं मात्र तिला पहिल्या भेटीतच विचारलं होतं आणि दोघींनी हे ठरवलं होतं. पाइप धरून धरून ती खोल बाजूला गेली आणि आवाज न करता खाली बसली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून गेली, मी तर हाताच्या अंतरावर होते.

दानम्मा कशाबशा खाली उतरल्या. कन्नडमधून त्यांनी सुनेला काय काय सुनावलं ते मला कळलं नाही, पण ओल्या सुनेला छातीशी धरून सुनावलं. माझाही पारा चढला होता. "असली नाटकं करतात होय!" मी जिक्राला म्हणाले. "माझं हार्ट बंद पडलं असतं तर?" ती म्हणाली, "बाई, सॉरी. पण तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सारखं तिच्याकडंच बघितलं असतं." तेही खरंच होतं, म्हणून मला आणखी राग आला.

मग ताडपत्री काढली. दानम्मा पुन्हा खुर्चीवर बसल्या. तनुजा फिकट तळावर जेमतेम टेकली असेल नसेल, शिट्टी वाजली. खाली उतरल्यावर दानम्मांनी जिक्राचा हात धरला. "ब्याड. काळी फरशी ब्याड मला, नको. पांढरी घाल. पर त्या पालकांचं काय करायचं, ते तू सांग. आन् ऐक, शिट्टी सोडू नको. रविवारी लातूरला आमच्या खुर्चीवर तूच बसायचं."

पालकांचं उत्तर जिक्रानं प्लॅनमध्येच काढलं. तिचं म्हणणं असं की बाईला पाण्यात लाज वाटत नाही, कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंत जाताना वाटते. म्हणून तिनं पायऱ्या थेट त्या खोलीच्या दारातूनच पाण्यात उतरवल्या. काठावरून चालत जायचं कामच नाही. आणि पालकांसाठी एक छोटी खोली केली. तिची खिडकी अशा बेतानं कापली की आत बसलेल्याला जीवरक्षकाची खुर्ची आणि खुर्चीवरची बाई दिसते. पाणी मात्र दिसत नाही.

तलाव सुरू झाला. तळ पांढराशुभ्र. रविवारी सकाळच्या एसटीनं जिक्रा लातूरला जाते आणि बऱ्याचदा मीही सोबत जाते. नवशिक्या पोरींना पाण्यात चालायला मी शिकवते, म्हणजे बघा! तनुजानं रीतसर परीक्षा दिली, बाकीचे दिवस खुर्ची ती सांभाळते. खाजामियाँना हॉस्टेलच्या सुटांचं काम पुरून उरलंय आणि "एक काम पकड" हे त्यांनी कधी बंद केलं ते त्यांच्याही लक्षात नाही. असं सगळं बेस चाललं आहे.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी माझे गुडघे ठणकत होते म्हणून मी पालकांच्या खोलीत बसले होते. तिथं दगडोबा नावाचे एक गृहस्थ आले. अहमदपूरकडच्या खेड्यातले, मुलगी राजकन्या इथं शिकायला. हातात फडक्यात बांधलेले शेंगदाण्याचे लाडू. पोरगी पोहून आली की द्यायचे.

"हितून पाणी दिसत न्हाई की," ते म्हणाले.

"दिसणार नाही. ती बाई दिसते ना खुर्चीवर? ती सगळ्यांना बघते, आपण तिला बघायचं."

"बेस हाय," म्हणून ते खिडकीशी बसले. गावाकडच्या पावसाचं, सोयाबीनचं बोलत होते. जिक्राची मान इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरत होती. आणि एकाएकी खुर्ची रिकामी झाली.

नुसती खुर्ची. दगडोबा ताडकन उठले. पलीकडे पाण्यात काहीतरी जोरात पडल्याचा आवाज, मग पोरींचा गलका आणि मग एकदम शांतता. त्यांनी काचेला दोन्ही हात टेकले. "बाई, माझी हाय का ती? माझी राजकन्या हाय का?" मला काय माहीत!  मी नुसता त्यांचा हात धरून ठेवला. इतकी म्हातारी झाले, पण तेवढा लांबलेला वेळ मी आयुष्यात कधी अनुभवला नव्हता.

मग दार उघडलं. जिक्रा. रुमालापासून बुटांपर्यंत निथळणारी, धाप लागलेली. "वर आणली. रडतेय, बोलतेय. डॉक्टरांना बोलावलंय. कडेनं जाता जाता पाइपावरचा हात सुटला तिचा. तळावर निळा सूट दिसला तशी उडी मारली." मग तिचं लक्ष दगडोबांच्या चेहऱ्याकडे गेलं. "माझी राजकन्या?" ते कसंबसं म्हणाले. "काका, तुमची नाही. राजकन्या बरी आहे. ती पायरीवर बसली आहे."

दगडोबा मटकन खाली बसले. मला वाटलं, आता त्यांचा जीव भांड्यात पडला. पण ते डोक्याला हात लावून म्हणाले, "माझी न्हाई, पर कुणाची तरी हायच ना बाई."

ते हुंदके देऊन रडायला लागले. जिक्राही तिथंच भिंतीला टेकून रडली आणि मीही रडले, त्यात लाज कसली. थोड्या वेळानं टॉवेलात गुंडाळलेली ती पोरगी बाहेर आली, तिच्या शेजारी राजकन्या. दगडोबांनी फडकं सोडलं आणि पहिला लाडू त्या परक्या लेकीच्या हातावर ठेवला.